एक दोरी, एक कौल, एक सेल: भौतिकशास्त्राची घरातली सुरुवात

वीज गेली की आपण "लाईट गेली" म्हणतो. भर दुपारी अंगणात ऊन मावत नसताना पंखा थांबला, तरी लाईटच जाते. बोलताना यात काही बिघडत नाही, पण शिकायला बसले की बिघडते. जोर, ताकद, शक्ती, ऊर्जा हे शब्दही आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि पुस्तकात मात्र प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो. दहावीनंतर विज्ञान सुटलेल्या कितीतरी माणसांना भौतिकशास्त्र अवघड वाटते त्याचे कारण गणित नाही. ओळखीचेच शब्द अनोळखी अर्थाने समोर येतात, आणि तो अर्थ कधी हाताला लागलेला नसतो.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. आता रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर आठवी-नववीची मुले येतात. त्यांना सोडायला आलेल्या आया आधी पायरीवर बसायच्या, मग दारात, आणि आता त्याच पुढे बसतात. हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या, नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणासाठीही.

पद्धत साधी आहे. आधी वस्तू हातात घ्यायची, मग मोजायचे, आकडा वहीत लिहायचा आणि सूत्र त्यानंतर उघडायचे. हा क्रम उलटा केला की पाठांतर सुरू होते. विषयांचा क्रमही मी ठरवून ठेवला आहे: आधी बल आणि गती, मग प्रकाश, मग वीज आणि शेवटी चुंबक. चुंबक शेवटी का, ते तिथे पोचल्यावर कळेल.

सामान थोडे लागते. सुतळी, मोजपट्टी, स्टॉपवॉच असलेला फोन, दोन-तीन दीड व्होल्टचे सेल, लाल एलईडी, 100 ओहमचा एक रेझिस्टर (विजेची वाट अडवून धरणारा छोटा भाग), थोडी वायर, होकायंत्र, एक जाड खिळा, चुंबक आणि साधा मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचा मीटर. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही मोठ्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात यातले बहुतेक मिळते. एक शंभर पानी वही वेगळी ठेवा. ती सर्वांत महत्त्वाची.

दोरी

ओसरीच्या वाशाला सुतळी बांधा आणि खाली मुठीएवढा दगड. बांधलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर 1 मीटर हवे. दगडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजू नका, मध्यापर्यंत मोजा. आता दगड वीतभर बाजूला ओढून नुसता सोडा, ढकलू नका. तो जाऊन परत हातापाशी आला की एक झोका. असे 20 झोके मोजा आणि एकूण वेळ लिहा.

इथे जवळपास प्रत्येकजण एकच चूक करतो. दगड सोडतानाच "एक" म्हणतो. सोडताना "शून्य" म्हणायचे असते, पहिला झोका पुरा झाल्यावर "एक". गेल्या वर्षी पहिल्याच रविवारी सहा जणांच्या वहीत 38 सेकंद आले आणि एका मुलीच्या वहीत 40. बाकीच्यांनी तिलाच चुकीचे ठरवले. मी काही बोलले नाही, पुन्हा मोजायला लावले. तिसऱ्या खेपेला तीच म्हणाली, "टीचर, हे एकापासून सुरू करतात, म्हणून एक झोका कमी पडतो." तोपर्यंत मी गुरुत्वाचे g हे अक्षरही फळ्यावर लिहिले नव्हते, पण मोजमापातली चूक कुठे दडते हे सगळ्यांना समजले होते.

तर 20 झोक्यांना सुमारे 40 सेकंद, म्हणजे एका झोक्याला 2. आता एकेक गोष्ट बदलून पाहा, दोन एकदम बदलायच्या नाहीत. दगड मोठा लावा: वेळ तोच. वीतभराऐवजी अर्धी वीत ओढा: वेळ तोच. दोरी 25 सेंटिमीटर करा: 20 झोक्यांना 20 सेकंद. लांबी पाव झाली तर वेळ निम्मा झाला. यातून एक उपयोगी हिशेब निघतो. एका झोक्याला लागलेल्या सेकंदांचा वर्ग करा आणि त्याला 4 ने भागा, दोरीची लांबी मीटरमध्ये मिळते. देवळात उंचावरून साखळीने टांगलेला लामणदिवा वाऱ्याने हलत असेल तर त्याचे 10 झोके मोजा. 28 सेकंद लागले तर एका झोक्याला 2.8, वर्ग 7.84, भागिले 4, म्हणजे साखळी जवळजवळ 2 मीटर. शिडी न लावता साखळी मोजली. गॅलिलिओने पिसाच्या चर्चमधल्या दिव्याचे झोके स्वतःच्या नाडीवर मोजले अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे तर घड्याळ आहे.

हा 4 येतो कुठून? पृथ्वी वस्तूला किती खेचते त्यावरून. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रतिसेकंद एवढा वाढत जातो. गोव्याच्या अक्षांशावर हा आकडा 9.78 च्या आसपास आहे. पुस्तकात याला गुरुत्व त्वरण म्हणतात आणि g ने दाखवतात. तुमच्या दगडानेही तोच आकडा दिला आहे: 39.5 ला लांबीने गुणा आणि एका झोक्याच्या वेळेच्या वर्गाने भागा.

आता माडाकडे वळू. 15 मीटर उंच माडावरून दीड किलोचा असोला नारळ सुटला तर जमिनीवर यायला त्याला पावणेदोन सेकंद लागतात आणि पोचताना वेग ताशी 60 किलोमीटरच्या वर गेलेला असतो. माडाखाली गाडी लावू नये आणि मुलांना बसू देऊ नये, ते एवढ्यासाठी.

याच नारळावर चार शब्द नीट लावून घेऊ. नारळाचे वस्तुमान दीड किलो, ते चंद्रावर नेले तरी तेवढेच. वजन म्हणजे पृथ्वी त्याला ज्या बलाने खेचते ते, 1.5 गुणिले 9.8, म्हणजे जवळजवळ 15 न्यूटन. 100 ग्रॅमचे काहीही तळहातावर ठेवा, हाताला जाणवतो तो भार साधारण 1 न्यूटन. एवढे एकदा हाताने अनुभवले की न्यूटन हा शब्द परका राहत नाही. हेच 15 न्यूटन 15 मीटर वर न्यायला जे काम (पुस्तकात कार्य) होते ते सुमारे 220 ज्यूल, आणि शेंड्यावर लटकलेल्या नारळात तेवढी ऊर्जा साठलेली असते. हा 220 आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, वीज शिकताना लागणार आहे.

उरली शक्ती. 60 किलोचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, एका मिनिटात तोच माड चढला तर त्याने 8,820 ज्यूल काम 60 सेकंदांत केले, म्हणजे 147 वॅट. दोन मिनिटे घेतली असती तर काम तेवढेच आणि शक्ती निम्मी. शक्ती म्हणजे कामाचा वेग, एवढेच. पाडेल्याची ताकद आणि पुस्तकातली शक्ती यांत फरक पडतो तो इथे.

तरफेला फार वेळ नको. अंगणातला चिरा सरकवायला पहार घ्या, चिऱ्यापासून 10 सेंटिमीटरवर टेकू ठेवा आणि टेकूपासून 90 सेंटिमीटरवर दाबा. नवव्या हिश्श्याएवढ्या बलाने चिरा उचलला जातो, पण चिरा 1 सेंटिमीटर वर यायला हात 9 सेंटिमीटर खाली जातो. बल वाचते, काम वाचत नाही. कप्पी, उतरण, स्क्रू, सगळीकडे हाच हिशेब असतो.

कौल

प्रकाशासाठी मला सर्वांत आवडणारा प्रयोग आमच्या जुन्या घराच्या छपरात आपोआप होत असतो. कौलांच्या फटीतून ऊन आत येते आणि शेणाने सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर गोल कवडसे पडतात. फट वेडीवाकडी असते, कधी त्रिकोणी, कधी नुसती चीर. कवडसा मात्र गोल. वर्षानुवर्षे आपण ते पाहतो, आणि का विचारायचे राहून जाते.

कवडसा गोल असतो कारण ते फटीचे चित्र नाही, सूर्याचे आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण फटीतून जाऊन खाली पडतो, खालच्या कडेचा वर, आणि जमिनीवर सूर्याची उलटी प्रतिमा उमटते. खंडग्रास सूर्यग्रहणात याच फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतात. ज्यांनी त्या पाहिल्या आहेत त्यांना आणखी पुरावा लागत नाही.

आता मोजू. कौलारू घर नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि खिडकीत लावा, समोर पांढरा कागद धरा. कागद किरणांना काटकोनात हवा, नाहीतर गोल लांबट होतो. भोकापासून कागदापर्यंतचे अंतर मोजा आणि गोलाचा व्यास मोजा. आमच्या छपराखाली अंतर 4.3 मीटर आले आणि कवडसा 4 सेंटिमीटर. 430 भागिले 4, म्हणजे साधारण 108. हेच गुणोत्तर आकाशात लागू होते: सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर हे त्याच्या व्यासाच्या सुमारे 108 पट आहे. अंतर 15 कोटी किलोमीटर धरले तर व्यास जवळजवळ 14 लाख किलोमीटर. एक फुटकी कौलाची कड आणि शिंप्याची टेप, एवढ्यावर सूर्याचा आकार निघतो. हे मी दरवर्षी करते आणि दरवर्षी तितकाच आनंद होतो. एक सूचना न विसरता पाळा: भोकातून सूर्याकडे डोळ्यांनी पाहायचे नाही, पाठ सूर्याकडे आणि नजर कागदाकडे.

प्रकाश सरळ जातो याचा दुसरा पुरावा सावली. तुळशी वृंदावनाजवळ एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि दुपारी सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सावली सर्वांत आखूड होते ती 12 वाजता नाही, त्यानंतर ऋतूप्रमाणे साधारण वीस ते पन्नास मिनिटांनी. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालते आणि गोवा जवळपास 74 अंशांवर आहे, सूर्याला इथवर यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो की त्या क्षणी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि काठीची सावली उरतच नाही. ऑगस्टमध्ये पावसाने दगा देण्याची शक्यता मोठी, म्हणून मे चुकवू नका.

परावर्तनावर मी इथे थांबत नाही, आरसा घरात आहे. टॉर्चचा झोत आरशावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, हे कागदावर रेघा ओढून पाहा. अपवर्तनावर मात्र थांबायला हवे, कारण तिथे जीव गुंतलेला आहे. वाटीच्या तळाशी नाणे ठेवा आणि ते कडेआड जेमतेम दिसेनासे होईपर्यंत मागे सरका. मग कोणाला तरी हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे वर उचलल्यासारखे पुन्हा दिसू लागते. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, आणि डोळ्याला मात्र तो सरळच आला असे वाटते. त्यामुळे वरून सरळ खाली पाहिले तर पाणी खरे असते त्याच्या पाऊणपटच खोल दिसते. देवळाच्या तळीत तळ 3 मीटरवर दिसत असेल तर तो खरा 4 मीटरवर असतो. तिरक्या नजरेने फसवणूक आणखी वाढते. पोहता न येणाऱ्या मुलाला हे वाटीतले नाणे आधी दाखवा आणि मग तळीवर न्या.

सेल

वीज शिकताना पहिला नियम सुरक्षेचा, आणि त्यात सूट नाही. प्रयोग फक्त सेलवर करायचे. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला प्रयोगाची वायर कधीही लावायची नाही, मोठ्या माणसाने शेजारी उभे राहूनही नाही.

दोन सेल एकामागे एक ठेवा, म्हणजे 3 व्होल्ट. सेलच्या धन टोकापासून 100 ओहमचा रेझिस्टर, मग लाल एलईडीचा लांब पाय, आखूड पायापासून वायर परत ऋण टोकाला. एलईडी लागेल. उलटा लावला तर लागणार नाही, त्यातून वीज एकाच दिशेने जाते. वायर कुठेही सोडली तरी विझेल. वाट पूर्ण गोल झाली पाहिजे, म्हणूनच ते सर्किट. विहिरीवर पंप बसवला आणि पाणी परत विहिरीतच सोडले अशी कल्पना करा: पंपाचा दाब म्हणजे व्होल्ट, नळातून दर सेकंदाला वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर, आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध, तो मोजायचा ओहममध्ये. या उपमेला मर्यादा आहेत, वायर कापली म्हणून वीज जमिनीवर सांडत नाही. पण पहिल्या महिन्यात ती उपयोगी पडते.

आता मल्टिमीटर. एलईडी काढा, नुसता 100 ओहमचा रेझिस्टर ठेवा आणि मल्टिमीटर मिलिअँपिअरवर (अँपिअरचा हजारावा भाग) लावून वाटेच्या मध्ये जोडा. एक सेल: सुमारे 15 मिलिअँपिअर. दोन सेल: 30. तीन सेल: 45. दाब दुप्पट तर धारा दुप्पट, तिप्पट तर तिप्पट. जॉर्ज ओहमने 1827 मध्ये मांडलेला नियम हाच: व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. सेल नवा असेल तर आकडे किंचित जास्त येतील, जुना असेल तर कमी. आलेला आकडा तसाच लिहा, पुस्तकाशी जुळवून घेऊ नका.

मल्टिमीटरबाबत एक खबरदारी घ्या, माझ्या हातून ही चूक झाली आहे. धारा मोजायची तर मीटर वाटेच्या मध्ये बसतो, दाब मोजायचा तर दोन टोकांना बाहेरून लागतो. एकदा धारेवरच ठेवलेला मीटर मी सरळ सेलच्या दोन टोकांना लावला. मीटरचा स्वतःचा रोध त्या वेळी जवळजवळ शून्य असतो, आतला फ्यूज क्षणात उडाला आणि समोरची मुले बघत राहिली. त्या दिवशी आम्ही मीटर उघडून केसासारखी बारीक जळलेली तार पाहिली आणि शॉर्टसर्किटचा धडा दोन महिने आधीच झाला.

ओहमचा नियम कळला की स्वतःवर एक निर्धोक प्रयोग करा. मल्टिमीटर रोध मोजण्यावर ठेवा आणि दोन्ही टोके कोरड्या बोटांत धरा. लाखभर ओहम किंवा त्याहून जास्त दिसेल. आता बोटे मिठाच्या पाण्यात बुडवा आणि पुन्हा धरा. आकडा धाडकन खाली येतो. अंग चिंब भिजलेले असेल तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर, 230 मिलिअँपिअर. पंधरा-वीस मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंती ओल्या, लादी ओली, कपडे ओले. पावसाळ्यात शॉकचे प्रकार का वाढतात ते या भागाकारात आहे. घरच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे धारा वाट सोडून गळू लागली की आपोआप वीज तोडणारा स्विच, आहे का ते आजच पाहा. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर घराची वीज गेली तर तो जिवंत आहे, नाही गेली तर वायरमनला बोलवा. अनवाणी, ओल्या हाताने स्विचला हात लावू नये हे आजी सांगायची, तिच्याकडे ओहमचा नियम नव्हता पण निष्कर्ष बरोबर होता.

आता त्या 220 आकड्याकडे परत. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेले असते, बऱ्याच मीटरवर 3200. एक युनिट म्हणजे 1000 वॅट एक तासभर, म्हणजे 36 लाख ज्यूल. 3200 ने भागा: एका लुकलुकीला 1,125 ज्यूल. घरातले सगळे बंद करून फक्त एक जुना 75 वॅटचा पंखा पूर्ण वेगावर चालू ठेवा, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. दोन लुकलुकींमध्ये 15 सेकंद जातात. 1,125 भागिले 15, बरोबर 75 वॅट. तुमच्या पंख्याला 20 सेकंद लागले तर तो 56 वॅट घेतो, 35 लागले तर 32 वॅट, म्हणजे बहुधा नव्या पद्धतीच्या मोटरचा. दुकानदाराने सांगितलेले वॅट खरे की खोटे, ते असे भिंतीवर तपासता येते.

आणि नारळ? शेंड्यापर्यंत एक नारळ न्यायला 220 ज्यूल, म्हणजे एका लुकलुकीत पाच नारळ माडाच्या शेंड्यावर पोचतात. एका युनिटात सोळा हजारांहून जास्त. 2000 वॅटचा गिझर हे युनिट अर्ध्या तासात संपवतो. हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा एक आई कितीतरी वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे सोळा हजार नारळ वर चढवायची ताकद आम्ही न्हाणीत ओततो." ताकद नाही, ऊर्जा, असे मी तिला सांगितले, आणि दोन्ही शब्दांतला फरक तिला सांगावा लागला नाही.

गिझरला जाड पिनांचे 16 अँपिअरचे सॉकेट का लागते तेही काढून पाहा. 2000 भागिले 230, साडेआठ अँपिअरहून जास्त. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटमधून एवढी धारा गेली की ते तापते, वितळते.

चुंबक

आमच्या भागातल्या मुलांना वाटते की खाणीचा दगड चुंबकाला फटकन चिकटेल, कारण त्यात लोखंड आहे. आणून लावा. लालसर दगड ढिम्म राहतो. गोव्याचे खनिज बहुतेक हेमॅटाइट, आणि ते चुंबकाला फार क्षीण प्रतिसाद देते. मॅग्नेटाइट हे लोखंडाचेच दुसरे खनिज मात्र जोरात ओढले जाते. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत काळ्या रेघा दिसतात तिथे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवा, काळे कण पिशवीला मिशांसारखे उभे राहतात. चुंबक पिशवीतच ठेवा, नाहीतर कण काढता काढता संध्याकाळ होईल. लोखंड असणे पुरेसे नाही, ते कोणत्या रचनेत आहे यावर सगळे ठरते.

आता मुख्य प्रयोग. होकायंत्र सपाट ठेवा, सुई उत्तर-दक्षिण थांबू द्या. सुईच्या वरून, सुईच्याच दिशेने एक वायर ताणून धरा आणि तिची टोके एका सेलला दोन सेकंद टेकवा. सुई झटक्यात वळते. वायर काढली की परत येते. सेल उलटा केला की उलट्या बाजूला वळते. दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, वायर आणि सेल दोन्ही तापतात. 1820 मध्ये ओर्स्टेडने हे पाहिले, त्याआधी वीज आणि चुंबक ही दोन वेगळी शास्त्रे होती. म्हणून चुंबक शेवटी: सेल कळल्याशिवाय हा झटका नुसती गंमत वाटतो.

याची एक जवळची गोष्ट आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणाऱ्या कुलाब्याच्या वेधशाळेपुढे प्रश्न उभा राहिला: ट्रामच्या धारेने तिथल्या नाजूक सुया हलत राहिल्या असत्या. ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवले. तुमच्या टेबलावर दोन सेकंद हलली तीच ही सुई.

विद्युतचुंबक करायला मोटर वाइंडिंगच्या दुकानातून पातळ तांब्याची तार आणा आणि जाड खिळ्यावर 100 वेढे एकाच दिशेने गुंडाळा. तारेवर लेप असतो, तो दिसत नाही. दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून तांबे उघडे करा. "चालत नाही" म्हणून माझ्याकडे आलेल्या दहा खिळ्यांपैकी नऊ या घासण्यावाचून अडलेले असतात. सेल जोडला की टाचण्या उचलल्या जातात. 50 वेढ्यांना किती, 100 ला किती, ते मोजून लिहा.

शेवटचा प्रयोग उलट दिशेचा, फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेला: हलता चुंबक वीज निर्माण करतो. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून 1 मीटर तांब्याची नळी मागा आणि तिच्यात सैल बसेल असा जोरकस निओडिमियम चुंबक घ्या. तो लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या, गिळल्यास फार घातक ठरतो. आधी चुंबक नळीला लावून पाहा, तांब्याला तो चिकटत नाही. आता नळी उभी धरा आणि त्याच आकाराचा खडा वरून सोडा. हिशेबाने 1 मीटर पडायला 0.45 सेकंद, वरचा हात उघडतो न उघडतो तोच खडा खाली. मग चुंबक सोडा. तो आत हळूहळू, पाण्यात बुडाल्यासारखा उतरतो, वरून डोकावले तर मध्येच तरंगताना दिसतो. पडता चुंबक तांब्यात धारा उठवतो, आणि ती धारा स्वतः चुंबक होऊन त्याला मागे ओढते. स्टॉपवॉच तोच, ज्याने पहिल्या दिवशी दगडाचे झोके मोजले होते. पाच वेळा मोजा, सरासरी काढा, आणि चुंबकाची जी ऊर्जा वेगात दिसली नाही ती कुठे गेली असेल ते वहीत तुमच्या शब्दांत लिहा. नळी हाताला जाणवणार नाही इतकी किंचित तापलेली असते.